अमेरिकेचं जुनं सोनं ठाण्यात बसून जमवायचं, तर: १७९५ ते १८३४ ची न वापरलेली नाणी

फिलाडेल्फियाच्या टाकसाळीने सोन्याची पहिली नाणी १७९५ च्या जुलैअखेर दिली. ती पाच डॉलरची, म्हणजे हाफ ईगल. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दहा डॉलरचं ईगल आलं, १७९६ मध्ये अडीच डॉलरचं क्वार्टर ईगल. ईगल १८०४ ला बंद पडलं ते थेट १८३८ मध्ये नव्या रूपात परतलं. बाकीची दोन, मधली काही वर्षं सोडली तर, १८३४ च्या मध्यापर्यंत जुन्याच वजनावर पडत राहिली. या छंदाचा आवाका एवढाच, चाळीस वर्षांचा. पण यातलं यूएनसी, म्हणजे चलनात न फिरलेलं नाणं मिळवणं हे गिन्या जमवण्याच्या कितीतरी पलीकडचं काम आहे.

कस आपल्या ओळखीचा, २२ कॅरेट. ईगल १७.५० ग्रॅम, हाफ ईगल ८.७५, क्वार्टर ईगल ४.३७. गिनी ७.९९ ग्रॅमची असते, म्हणजे हाफ ईगल तिच्याहून पाऊण ग्रॅमने जड. हे आकडे पाठ करून ठेवा, पुढे लागणार आहेत.

इतकी कमी का उरली, तेही आधी समजून घ्या, नाहीतर किंमतींचं कोडं सुटत नाही. १७९२ च्या कायद्याने सोन्या-चांदीचं प्रमाण एकास पंधरा ठरवलं होतं. युरोपात सोन्याला त्याहून जास्त चांदी मिळायची. त्यामुळे १८२० च्या आसपास पाच डॉलरच्या नाण्यात पाच डॉलरहून अधिक किमतीचं सोनं होतं. व्यापाऱ्यांनी ती नाणी जहाजाने बाहेर पाठवली आणि ती तिकडे वितळली. १८२२ ची १७,७९६ हाफ ईगल पडल्याची नोंद आहे, आज माहीत आहेत फक्त तीन. त्यातली दोन स्मिथसोनियन संग्रहालयात, तिसरं मार्च २०२१ मध्ये ८४ लाख डॉलरला विकलं गेलं. म्हणून ‘किती पाडली’ हा आकडा बघून दुर्मिळता ठरवू नका. किती उरली, आणि त्यातली किती न झिजलेली, तेवढंच बघायचं.

काय घ्यायचं, कोणत्या क्रमाने

सालवार संच करायचा विचार सोडून द्या, तो पैशानेही पुरा होत नाही. प्रत्येक धाटणीचं एक नाणं घ्यावं. हाफ ईगलमध्ये चार मुख्य धाटण्या: छोट्या गरुडाची, ढाल छातीवर घेतलेल्या मोठ्या गरुडाची (ही १८०७ पर्यंत), टाकसाळीतला कोरणारा जॉन राइख याची, डावीकडे तोंड केलेली १८०७ ते १८१२, आणि १८१३ ते १८३४ ची मोठ्या डोक्याची.

सुरुवात मात्र या चारांपैकी कशानेच करू नका. २८ जून १८३४ च्या कायद्याने वजन ८.३६ ग्रॅमवर आणल्यानंतरचं ‘क्लासिक हेड’ हाफ ईगल आधी घ्या. १८३४ ते १८३८ मध्ये ते लाखांनी पडलं, यूएनसी अवस्थेत अजून मिळतं आणि जुन्या हाफ ईगलच्या काही अंशात येतं. काटेकोर अर्थाने ते ‘अर्ली’, म्हणजे जुन्या वजनाचं, नाही, पण त्या काळची चमक आणि ठशाची कमजोरी हातात धरून शिकायला याहून स्वस्त नाणं नाही. एक लक्षात असू द्या: १८३४ साल दोन्ही वजनांवर आहे. गरुडाच्या वर बोधवाक्याची पट्टी असेल तर जुनं, पट्टी नसेल तर नवं. पट्टीवाल्याची किंमत कित्येक पट आहे.

त्यानंतर १८०५ ते १८०७ किंवा १८१० ते १८१३ मधलं हाफ ईगल. एमएस ६१-६२ ला (न वापरलेल्यातला खालचा दर्जा, पुढे येईल) दहा हजार डॉलर ओलांडायची तयारी ठेवा. ईगल हवंच असेल तर १७९९ किंवा १८०१, ही दोन सालं त्यातल्या त्यात भेटतात. क्वार्टर ईगल शेवटी. १७९६ चं ताऱ्यांशिवायचं ९६३ पडलं, १८०८ चं २,७१०, आणि ती दोन्ही एकेका धाटणीची एकमेव नाणी असल्याने सगळ्यांनाच हवी असतात. ज्याला ‘सोपं’ क्वार्टर ईगल म्हणतात त्या १८०७ चीसुद्धा ६,८१२ च पडली होती.

लेबलवरचा आकडा आणि नाण्याचा पृष्ठभाग

पीसीजीएस आणि एनजीसी या दोन संस्था १ ते ७० च्या मापावर दर्जा देतात आणि नाणं प्लास्टिकच्या स्लॅबमध्ये बंद करतात. ६० पासून वर एमएस, म्हणजे न वापरलेलं. ५०, ५३, ५५, ५८ हे एयू, म्हणजे किंचित वापरलेलं. कागदावर हे सोपं आहे. प्रत्यक्षात जुन्या अमेरिकन सोन्यात ५८ आणि ६१ मधली रेषा फार पुसट. शे-दीडशे वर्षं ही नाणी लाकडी कपाटाच्या मखमली कप्प्यांत सरकत राहिली, त्यामुळे कधीच बाजारात न फिरलेल्या नाण्याच्या उंचवट्यावरही हलकी घासट असते. उलट काही एमएस ६१ घासट नसूनही पुसलेली, निर्जीव दिसतात. आमचं मत स्पष्ट आहे: अस्सल रंगाचं एयू ५८ हे उजळवलेल्या एमएस ६१ पेक्षा कधीही चांगलं, आणि जाणते गिऱ्हाईक पुढे त्याला तसा भावही देतात.

पाहायची पद्धत अशी. खोलीतल्या ट्यूबलाइट बंद करा. पसरट पांढऱ्या उजेडात बारीक रेघा दिसतच नाहीत, आणि बहुतेक दुकानांत नेमका तोच उजेड असतो. टेबलावर एकच पिवळसर दिवा, नाण्यापासून हात-दीड हातावर. स्लॅब दोन बोटांत कडेने धरून सावकाश फिरवा. न वापरलेल्या नाण्यावर चमकेचा पट्टा सपाट भागावरून निघतो आणि उंचवट्यांवरूनही न तुटता पुढे जातो. वापरलेल्यावर तो उंचवट्याशी येऊन विझतो, तिथे एक मंद, मातकट डाग राहतो. आधी नुसत्या डोळ्यांनी बघा, मग ५ पटीचं भिंग. दहा पटीने सुरुवात केली की प्रत्येक नाणं खराब वाटतं.

कुठे बघायचं? उजवीकडे तोंड असलेल्या जुन्या धाटणीत कपाळावरचे आणि कानाजवळचे केस, टोपीचा वरचा फुगीर भाग, खांद्यावरच्या वस्त्राची घडी. मागे गरुडाच्या पंखांच्या वरच्या कडा, आणि मोठ्या गरुडाच्या नाण्यावर त्याच्या वरचे ढग. क्लासिक हेडला कपाळावरचे केस आणि कानाजवळची बट.

इथेच नवखे चुकतात. गरुडाची छाती सपाट दिसली की ते झीज समजून नाणं सोडतात, किंवा विकणारा झिजलेल्या भागाला ‘ठसा कमी बसलाय’ म्हणून खपवतो. दोन्हींत फरक करता येतो. ठसा नीट बसला नसेल तर त्या जागी कोऱ्या चकतीचा मूळ खडबडीतपणा शिल्लक असतो आणि त्यावरही चमक असते. झीज असेल तर जागा गुळगुळीत, रंग बदललेला आणि चमक मेलेली.

आणखी एक खूण घाबरवते: एकमेकींना समांतर, खोल, कधी कधी संपूर्ण चेहऱ्यावरून गेलेल्या रेघा. चकती वजनाला जास्त भरली की टाकसाळीतले कामगार ठसा मारण्याआधी ती कानशीने घासायचे, त्याच्या या खुणा. ठसा मारताना बऱ्याचशा दबून जातात, म्हणून जिथे ठशाचा दाब कमी पोचतो त्या उंचवट्यांवर आणि कडेच्या दातऱ्यांत त्या जास्त टिकतात आणि अक्षरांच्या खालून जातात. नंतरचा ओरखडा अक्षराच्या वरून जातो आणि त्याच्या काठाला उचललेलं सोनं दिसतं. कानशीच्या खुणा हा दोष धरला जात नाही, पण चेहऱ्याच्या मध्यभागी असतील तर विकताना त्रास देतात. आम्ही तसं नाणं फक्त मागच्या बाजूला खुणा असतील तरच घ्यायला सांगू.

रंगावरून खूप कळतं. मिश्रणात चांदीही असायची, म्हणून काही नाणी हिरवट पिवळी, काही तांब्यामुळे तांबूस झाक घेतलेली. अस्सल नाण्यात अक्षरांच्या आणि ताऱ्यांच्या आडोशाला रंग गडद असतो, उघड्या भागात फिका. सगळीकडे एकसारखा पितळी उजळ रंग म्हणजे नाणं धुतलंय. धुतल्याच्या बारीक रेघा सगळ्या एकाच दिशेला किंवा गोल गोल फिरलेल्या असतात. सराव हवा असेल तर नौपाड्यात किंवा जांभळी नाक्याला ओळखीच्या सराफाकडे दोन गिन्या मागून बघा, एक कोरी आणि एक दागिन्यांबरोबर रिठ्याच्या पाण्यात ब्रश मारलेली. एकाच दिव्याखाली दोन्ही फिरवल्या की फरक पुन्हा सांगावा लागत नाही.

लपवलेले दोष वेगळेच. सपाट भागावर मेणासारखा धुरकट थर दिसला तर ओरखड्यांवर काहीतरी भरलंय. हा थर काही वर्षांत पांढरट होतो. एखादाच कोपरा वितळल्यासारखा गुळगुळीत दिसला तर लेझर वापरलंय. केसांच्या रेघा एका जागी अचानक तीक्ष्ण वाटल्या तर त्या मागाहून कोरल्या आहेत. आणि डोक्याच्या वरची, म्हणजे घड्याळातल्या बाराची कड नक्की तपासा. अशी कितीतरी नाणी पदकासारखी गळ्यात घातली गेली. कडी काढून टाकली तरी झाळेचा किंचित वेगळा रंग आणि कडेच्या रेघांतला खंड राहतो. अशा नाण्यांना संस्था आकडा देत नाहीत, लेबलवर ‘डिटेल्स’ लिहितात. ‘यूएनसी डिटेल्स’ वाचून ‘यूएनसी आहे ना’ म्हणत उडी मारणारे बरेच. त्याला पुढे गिऱ्हाईक मिळत नाही.

खोटं ओळखताना

स्लॅबमध्ये नसलेलं नाणं ठाण्यात किंवा वाशीत कुणी दाखवलं, ‘आजोबांच्या पेटीतलं’ म्हणून, तर आधी साधा इतिहास तपासा.

१८०१ सालचं हाफ ईगल नाहीच. १८१६ आणि १८१७ चंही नाही. १८०२ चं ईगल नाही, १८०३ चं क्वार्टर ईगल नाही. १८०३ च्या प्रत्येक हाफ ईगलवर ३ च्या खाली २ ची खूण दिसते, कारण जुना ठसा दुरुस्त करून वापरला होता. स्वच्छ ३ असेल तर संशय घ्या. १७९५ ते १८०४ च्या ईगलवर किंमत कुठेही लिहिलेली नाही. हाफ ईगलवर ‘५ डी’ राइखच्या १८०७ च्या धाटणीपासून आलं, क्वार्टर ईगलवर १८०८ पासून.

हे पार पडलं तर वजन आणि घनता. नाण्याला बारीक दोरा बांधून आधी हवेत, मग पाण्यात पूर्ण बुडवून पण तळाला न टेकवता तोला. हवेतलं वजन भागिले दोन्हींतला फरक. ८.७५ ग्रॅमचं नाणं पाण्यात सुमारे अर्धा ग्रॅम हलकं भरलं पाहिजे, म्हणजे उत्तर १७.५ च्या जवळपास. घरच्या ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर हे करू नका. अर्ध्या ग्रॅमात एका शतांशाची चूक म्हणजे दोन टक्के, आणि मग उत्तर १७.१ ते १७.९ कुठेही जातं. सराफाचा मिलिग्रॅमचा काटा हवा. नाण्याला चिकटलेले हवेचे बुडबुडेही उत्तर बिघडवतात, आधी पाण्यातच हलवून घ्या. सराफाकडचं कॅरेट मशीन चालेल, पण कसोटीवर घासू देऊ नका, सवयीने हात जातो त्यांचा.

यातून पितळ आणि मुलामा पकडला जातो, योग्य कसाच्या सोन्यात पाडलेली नक्कल पकडली जात नाही. त्यासाठी ठशांची जुळणी. त्या काळी तारे, अक्षरं आणि सालाचे आकडे प्रत्येक ठशात एकेक करून हाताने ठोकत, म्हणून कोणतेही दोन ठसे सारखे नाहीत. कोणता तारा कोणत्या अक्षराला टेकतो, सालातला शेवटचा आकडा छातीपासून किती लांब, फांदीला पानं किती (१७९५ च्या ईगलला सहसा तेरा, नऊ पानांचं अतिदुर्मिळ), हे सगळं ठशांच्या जोड्यांनुसार नोंदलेलं आहे आणि बीडी क्रमांकाने (बास आणि डॅनरॉयथर यांच्या नावांवरून) ओळखलं जातं. मोठ्या लिलावघरांच्या जुन्या विक्रीच्या नोंदी फोटोंसकट इंटरनेटवर खुल्या आहेत. समोरचं नाणं कोणत्याच नोंदलेल्या जोडीशी जुळत नसेल तर नवा शोध लागला असं समजू नका. व्यासावर मात्र भरवसा ठेवू नका: १८२९ च्या आधी हाफ ईगल बंदिस्त कड्यात पडत नव्हतं, थोडा कमीजास्तपणा खऱ्यातही आहे.

स्लॅबही खोटे बनतात. प्रमाणपत्राचा क्रमांक संस्थेच्या साइटवर टाकून फोटो उघडा आणि एखादा खास ओरखडा, ठशाची तडा गेलेली रेघ, रंगाचा ठिपका जुळवून बघा. क्रमांक खरा आणि आतलं नाणं दुसरं, ही नेहमीची चाल आहे.

पैसे आणि कागद

ही नाणी इथल्या बाजारात जवळपास येतच नाहीत, खरेदी अमेरिकन लिलावातूनच होणार. जानेवारीत न्यूयॉर्कच्या वेळेने संध्याकाळी सहाचं सत्र म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेचार. जागत बसून हातघाईवर बोली लावण्यापेक्षा कमाल बोली आधी भरून झोपा, खिशाला ते बरं.

कमाल बोली उलट्या गणिताने काढा. हातोड्याच्या किंमतीवर, म्हणजे बोली जिथे थांबली तिच्यावर, लिलावघर २० टक्के किंवा थोडं जास्तच लावतं. त्यावर विमा आणि पाठवणी, बँकेचा विनिमय फरक, मग आपलं सीमाशुल्क आणि एजंटची फी. शुल्क हे सोन्याच्या वजनावर बसत नाही, तुम्ही नाण्याला मोजलेल्या पूर्ण किंमतीवर, भाडं-विमा धरून बसतं. आठ ग्रॅम सोन्याचा हिशेब मनात ठेवून गेलेल्या माणसाला इथे घाम फुटतो. सगळे खर्च वजा करून १२ लाख उरत असतील तर १.२० ने भागा: तुमची बोली १० लाख, त्यापुढे एक रुपया नाही.

सोन्याच्या नाण्यांच्या आयातीचे नियम आणि दर बदलत असतात. म्हणून बोली लावायच्या आधी परवानाधारक कस्टम्स एजंटकडून नाण्याचं वर्गीकरण, परवानगी लागते का आणि शुल्क किती, हे लेखी घ्या. काही कुरिअर कंपन्या सोन्याची नाणी उचलतच नाहीत, तेही विक्रेत्याला आधी विचारा. ‘स्मृतिचिन्ह’ किंवा ‘भेट’ असं लिहून कमी किंमत दाखवायला सांगू नका. पार्सल जप्त होईल आणि हरवलं तर विमाही त्या खोट्या किंमतीचाच मिळेल. प्रवासात सोबत आणलं तरी दागिना नसलेलं सोनं करमुक्त सामानात बसत नाही, लाल मार्गिकेतून जाऊन जाहीर करावं लागतं.

दुसरी बाजू लोक विसरतात. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावशेषाच्या व्याख्येत धरलेली आहेत, आणि पुरावशेष खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशी नाण्याला सूट मिळेल अशी आशा धरून बसू नका; पुरातत्त्व खात्याकडून कागद मिळाल्याशिवाय ते बाहेर जाणार नाही असंच समजून चाला. याचा थेट अर्थ: नाणं आधीच दर्जा मिळून स्लॅबमध्ये आलेलं घ्या, इथून ग्रेडिंगला पाठवू म्हणून नाही. आणि पुन्हा अमेरिकेत विकायचा बेत असेल तर ते तिकडेच विमा उतरवलेल्या तिजोरीत ठेवण्याचा विचार करा. तसं केलंत तर आयकर विवरणात परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवायला सीएला सांगायचं.

घरी आल्यावर

सोनं गंजत नाही, पण त्यातलं तांबं डाग धरतं आणि स्लॅब काही हवाबंद नसतो. पावसाळ्यात ठाण्याची आणि खाडीकाठच्या नवी मुंबईची हवा आठवडेच्या आठवडे ओली असते. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात स्लॅब उभे ठेवा, सोबत ५० ग्रॅम रंग बदलणारं सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत हवा. नारंगी दाणे हिरवे झाले की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरा. मऊ पीव्हीसीचे अल्बम नकोत, त्यातून हिरवट चिकट द्रव सुटतो. सराफाचा गुलाबी कागद, मखमली डबी आणि डांबराच्या गोळ्या ठेवलेलं कपाट, तिन्ही टाळा.

लॉकर घ्यायचा तर बँकेचा तळघरातला नको. २६ जुलै २००५ चं पाणी ज्यांनी पाहिलंय त्यांना कारण सांगायला नको. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या नियमाने चोरी, आग किंवा कर्मचाऱ्याच्या लबाडीतही बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपट एवढीच. भाडं ४,००० असेल तर ४ लाख. नैसर्गिक आपत्तीत तीही नाही. वेगळा विमा काढा आणि त्यात किंमत ‘सोनं’ म्हणून न लिहिता प्रत्येक नाण्याची प्रमाणपत्र क्रमांकासह लिहून घ्या.

प्रत्येक नाण्याचं एक पान ठेवा: साल, धाटणी, बीडी क्रमांक, दर्जा, प्रमाणपत्र क्रमांक, दोन्ही बाजूंचे फोटो, लिलावाचं बिल, सीमाशुल्क भरल्याची पावती, आधीचे मालक माहीत असतील तर तेही. पानाच्या शेवटी घरच्यांसाठी ठळक अक्षरात दोन ओळी लिहा: प्लास्टिक फोडायचं नाही, सराफाकडे मोडीत द्यायचं नाही. तुमच्या माघारी कुणी हाफ ईगल तोलायला नेलं तर त्यांना आठ ग्रॅम शुद्ध सोन्याचा भाव मिळेल, आणि तोही घट वजा करून. लिलावघराचा ईमेल आणि एका जाणत्या संग्राहकाचा फोन त्याच पानावर हवा.